‘पालखी’ या शब्दाविषयी एक कबुली



सज्जनहो, यंदा आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी इंदापूर तालुक्यातून चालली असताना वाटेवरच्या एका गावी रात्रीच्या कीर्तनाला बसण्याचा योग आला. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी नारदांच्या गादीवर उभा राहत नाही. मागे खांबाला टेकून बसतो आणि ऐकतो. कीर्तनकार पंचविशीचा होता. आवाज गोड, पाठांतर चोख, टाळकऱ्यांवर पकड चांगली. निरूपण रंगात आले तेव्हा त्याने विचारले, “पालखी म्हणजे काय हो? पा म्हणजे पाप, ल म्हणजे लय, खी म्हणजे खिन्नता. पापाचा लय करून जिवाची खिन्नता घालवते ती पालखी. असे संस्कृतात सांगितले आहे!” मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. माझ्या शेजारचे एक माळकरी म्हणाले, “काय अभ्यास आहे बघा पोराचा!”

मी मान खाली घातली. कारण तो अभ्यास त्या पोराचा नव्हता, माझा होता. आणि खरे सांगायचे तर माझाही अभ्यास नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी बारामतीहून सणसरला कीर्तनाला जाताना एस.टी.त बसल्या बसल्या मला ती फोड सुचली. त्या रात्री म्हणून टाकली, लोकांना आवडली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटली. ‘असे संस्कृतात सांगितले आहे’ ही जोड मी दोन-तीन वर्षांनी दिली, कारण त्याने वजन येत होते. पुढे कीर्तनांच्या कॅसेटी निघाल्या, कॅसेटींवरून ती मोबाइलवर गेली.

कीर्तन आटोपल्यावर तो तरुण नमस्काराला आला. मी विचारले, “महाराज, पालखीची ती व्युत्पत्ती कुठली?” तो हसून म्हणाला, “बुवा, तुमचीच की! वडिलांनी कॅसेटवरून पाठ करून घेतली होती.” मी म्हणालो, “ती चुकीची आहे. मी रचलेली आहे.” पोरगे गोंधळले. मग त्याने सरळ विचारले, “मग खरी कोणती?” आणि पन्नास वर्षे गादीवर उभा राहिलेला मी गप्प झालो. मला ठाऊक नव्हती.

घरी आल्यावर मी जुना गाथा काढला. त्यात एक पोस्टकार्ड होते. ते त्याच काळातले, इंदापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांचे. अक्षर मोत्यासारखे. त्यांनी लिहिले होते की कीर्तन फार आवडले. परंतु पालखी हा शब्द पल्यंक या शब्दापासून आला आहे, पाप-लय-खिन्नता यांच्याशी त्याचा संबंध नाही. आपण ‘अंक’ शब्दाचा अर्थ पाहावा, आपल्याला आनंद होईल. तेव्हा मी ते कार्ड वाचून सोबतच्या मंडळींना म्हणालो होतो, “मास्तरांना कीर्तनातही फळा दिसतो.” सगळे हसले. मी उत्तर पाठवले नाही. गुरुजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांनी सांगितलेला शब्द मी या आषाढात, म्हणजे चाळीस वर्षे उशिरा पाहिला. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

संस्कृतात मूळ शब्द आहे पर्यंक. परि म्हणजे सभोवती, आणि अंक. पाणिनीने आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात नियम दिला आहे की ‘अंक’ पुढे आला असता ‘परि’मधल्या र चा विकल्पाने ल होतो. म्हणून पर्यंक आणि पल्यंक ही दोन्ही रूपे शुद्ध. अर्थ मंचक, शय्या. तसेच बसण्याची एक रीतही. प्राकृतात याचे पल्लंक झाले आणि त्यातूनच आपला पलंग आला. आपल्या घरातला पलंग आणि रथातली पालखी ही एकाच घरची भावंडे आहेत, हे मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

पाली भाषेत, म्हणजे बौद्धांच्या त्रिपिटकाच्या भाषेत, पल्लंक म्हणजे आसन तर आहेच, पण मांडी घालून बसणे हाही त्याचा अर्थ आहे. बुद्ध ध्यानाला बसले ते पल्लंक घालून. कौषीतकी उपनिषदात ब्रह्मलोकातील ब्रह्मदेवाच्या आसनाला पर्यंकच म्हटले आहे, आणि तिथे एक मोठी गोड गोष्ट आहे. जाणता पुरुष तिथे पोहोचतो तेव्हा त्या पर्यंकावर आधी पाऊल ठेवतो आणि मग ब्रह्मदेव त्याला विचारतात, तू कोण? हे वाचताच माझ्यातला जुना कीर्तनकार टुणकन उठून बसला. पर्यंकावर पाऊल, पालखीत पादुका! जुने दिवस असते तर दुसऱ्याच रात्री मी ‘आपली पालखी उपनिषदातून आली’ असे ठोकून दिले असते. पण तसे म्हणायला आधार नाही. साम्य सुंदर आहे, तेवढेच सांगतो. ती सवय सोडण्यासाठीच तर हा लेख लिहायला बसलो आहे.

आता हाच शब्द शेजारच्या घरी कसा नांदतो ते पाहू. हिंदीत पालकी, बंगालीतही पालकी. तिकडे पालकी म्हटले की डोळ्यांपुढे नवरी येते, सासरी निघालेली. तेलुगूत पल्लकी, कानडीत पल्लक्की, तमिळमध्ये पल्लक्कु. कानडी मुलखात ‘अड्डपल्लक्की’ हा जगद्गुरूंचा मान आहे. पालखी रस्त्याला आडवी धरून चालवायची, म्हणजे सारा रस्ता त्यांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इकडे आले, त्यांनी या शब्दाचे पालांकिं असे काहीसे नाकातले रूप केले आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे पॅलँक्विन होऊन गेला. साहेबाच्या पुस्तकांतून पॅलँक्विन म्हणजे आठ जणांच्या खांद्यांवरून जाणारा एक माणूस.

आपल्याकडेही पूर्वी तसेच होते. मराठेशाहीत पालखी हा दरबारी मान होता. ज्याला तो मिळे तो पालखीपदस्थ. पालखीबरोबर भोई आले, त्यांचा खर्च आला, अब्दागिरी आली. म्हणजे नवरी असो, सरदार असो, जगद्गुरू असो की साहेब असो, या सगळ्या भाषांत पालखीचा अर्थ एका बाबतीत सारखा आहे. आत बसतो तो चालत नाही, आणि चालतो तो आत बसत नाही.

इथे आवाजाच्या सारखेपणाने कसे फसायला होते तेही सांगतो. फारसीत ‘पलंग’ म्हणजे बिबट्या! त्याचा आपल्या पलंगाशी काही संबंध नाही. मी कधी कधी पालखीचा संबंध ‘पालक’ शब्दाशी लावून ‘जी पालन करते ती पालखी’ असेही म्हणत असे. पण पालक हा पाळणे या धातूचा, त्याचे घराणे वेगळे. आणि उत्तरेत जाऊन पालक म्हटले तर ते भाजीची जुडी आणून देतील. कान सांगतो ते सगळे कोश सांगत नाही.

पंजाबात मात्र हा शब्द आपल्या फार जवळ येतो. शीख बांधव गुरू ग्रंथसाहिब ज्या छत्राखाली ठेवतात, ज्यातून मिरवत नेतात, त्याला पालकी साहिब म्हणतात. अमृतसरला रोज ग्रंथसाहिबाची पालकी निघते. त्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. म्हणजे आपल्या वारीत तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका पालखीत असतात, आणि तिकडे नामदेवरायांचे शब्द पालखीत असतात. तिथेही आत माणूस नाही. एवढे अंतर चालून गेलेल्या नामदेवरायांना पालखी मिळाली ती शब्दांच्या रूपाने.

आता आपली पालखी. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घ्यायच्या, आळंदीला जाऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि एकाच पालखीतून दोघांना पंढरीला न्यायचे. माउलींचा सोहळा स्वतंत्र झाला तो एकोणिसाव्या शतकात, हैबतबाबा आरफळकरांच्या हातून. तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. बारामतीत मुक्काम, काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, मग सराटी आणि नीरेत पादुकांचे स्नान. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो.

या वाटेवर पालखी शब्दाचे काय झाले आहे ते आम्हाला रोजच्या वापरामुळे दिसत नाही. मला ते एका परक्या माणसाने दाखवले. काही वर्षांपूर्वी इंदापूरजवळ सोलापूर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलो होतो. एक उत्तरेकडचा ट्रकचालक गर्दी पाहून विचारू लागला, कुठे निघालात? मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो, “हम पालखी में चलते हैं.” तो हसला. म्हणाला, “बाबा, पालकी में तो बैठते हैं. चलते कैसे हो?” मीही हसलो आणि विसरलो. गुरुजींचे कार्ड पुन्हा हातात आले तेव्हा तो आठवला.

सज्जनहो, पाहा बरे. आपण म्हणतो, “यंदा मी पालखीत चाललो.” “सूनबाई पहिल्यांदाच पालखीत चालतेय.” “पालखीला पाणी द्यायचंय, चार टँकर लागतील.” “पालखी सणसरला जेवली.” जगातल्या कुठल्याही भाषेत ही वाक्ये वेड्यासारखी वाटतील. लाकडाच्या पालखीला चार टँकर पाणी कशाला? पण बारामती-इंदापूरच्या कुठल्याही बाईला ती कळतात. आमच्या बोलीत पालखी म्हणजे ती रथातली वस्तू एवढेच राहिले नाही. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेली माय, झेंडेकरी, मागे रेंगाळणारा म्हातारा, हे सगळे मिळून पालखी. पालखी म्हणजे चालणारे. बसणाऱ्याचा शब्द होता, तो चालणाऱ्यांचा झाला. आणि आत काय आहे? पादुका. पायाला माती लागू नये म्हणून जे वाहन निघाले, त्यात आपण चालणाऱ्या पायांची खूण ठेवली आहे.

तुकोबांनी राजाकडून आलेले मशाली, छत्र, घोडे परत पाठवले, ही कथा आपण सगळे सांगतो. त्यांच्याच सोहळ्यात आज छत्र आहे, अब्दागिरी आहे, अश्व आहेत, चांदीचा रथ आहे. टीकाकार बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पण जोवर आपल्या तोंडी ‘पालखीत चालतो’ हे वाक्य आहे, तोवर तो मान एकट्याचा नाही, असे मी म्हणेन. ज्या दिवशी आपण ‘पालखी बघायला चाललो’ एवढेच म्हणू लागू, रथाबरोबर फोटो काढून गाडीत बसून परत जाऊ, त्या दिवशी शब्द पुन्हा सरदाराच्या घरी जाईल. हल्ली तो एका रस्त्यालाही मिळाला आहे. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज, तोंडले असा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग. भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झाले. हिवाळ्यात त्याच मार्गावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याला जातात. त्यात वाईट काही नाही. शब्द मोठा झाला की त्याच्या अंगणात सगळेच येतात.

आता गुरुजींनी सांगितलेला अंक. मराठीत अंक म्हणजे आकडा, नाटकाचा भाग, हातात धरलेला मासिकाचा अंक. पण जुना अर्थ वळण, आणि त्यावरून बसल्यावर होणारे कुशीचे-मांडीचे वळण. अंक म्हणजे मांडी. आई लेकराला अंकावर घेते ते हे. पर्यंक म्हणजे सभोवती मांडी असलेले, सगळीकडून धरून ठेवणारे आसन.

हे वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच होतो. मनात आले ते नारायणबाबांचे. तुकोबांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला झाले. त्या वेळी नारायणबाबा आईच्या पोटात होते, अशी आपली परंपरा सांगते. बापाच्या मांडीवर एकदाही न बसलेला हा मुलगा. त्याने बापाच्या पादुका घेतल्या आणि ज्या शब्दाच्या पोटात मांडी आहे त्या पालखीत ठेवल्या. मी गुरुजींना तेव्हाच उत्तर लिहिले असते तर चाळीस वर्षे हे सांगता आले असते. त्याऐवजी मी लोकांना खिन्नता सांगत बसलो.

पण थांबा. नारायणबाबांनी कोश पाहून पालखी निवडली असे मी म्हणत नाही. त्या काळी मोठ्यांना पालखीतून नेत, म्हणून त्यांनीही नेले, हेच सरळ आहे. मांडीचा अर्थ जोडला तो मी. शब्दाचा मूळ अर्थ कोशातला आहे आणि नारायणबाबांची आठवण हा माझा भाव आहे. दोन्ही सांगावे, पण कुठले कुठले ते सांगावे. एवढाच मुद्दा आहे, आणि तो कीर्तनकारांसाठी आहे.

तरुण मंडळी म्हणतील, बुवा, अक्षरांची फोड तर शास्त्रातही आहे. आहे. विष्णुपुराणात ‘भगवान’ शब्दातल्या एकेका अक्षराचा अर्थ सांगितला आहे. यास्काने निरुक्तात शब्दाकडे अर्थाच्या अंगाने पाहायला शिकवले. पण ते चिंतनासाठी आहे, आणि त्यामागे परंपरेचा आधार आहे. एस.टी.त सुचलेल्या फोडीला तो आधार देता येत नाही. आमच्या बारामतीला मोरोपंत राहिले, १७९४ पर्यंत. शब्दांशी त्यांच्याइतका खेळ मराठीत फार थोड्यांनी केला असेल. ओठांना ओठ न लागता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण त्यांनी रचले. पण पंतांचा खेळ खेळ म्हणून उघड्यावर आहे. त्याला कोणी फसत नाही, उलट आनंद घेतो. मी खेळ केला आणि त्यावर ‘संस्कृतात सांगितले आहे’ असा शिक्का मारला. दोष खेळाचा नव्हता, शिक्क्याचा होता.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? लोकांना आनंद झाला, नामाचा गजर झाला. बिघडते ते असे. समोर बसलेला माणूस आपल्याला तपासत नाही. नारदांच्या गादीवरून आले म्हणजे खरे, असे धरून तो घरी जातो. त्याच विश्वासाने तो संतांचे बोलणे घेतो. आज त्याच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे. तो कोश उघडतो, ‘खी’ शोधतो, सापडत नाही. मग तो म्हणतो, हे खोटे तर बाकीचेही तसेच असेल. माझ्या एका फोडीपायी त्याचे तुकोबांवरचे मन उठले तर ते कुणाच्या खात्यावर? आणि दुसरे, रचलेला अर्थ पुढे उभा राहिला की खरा अर्थ मागे झाकला जातो. माझ्या पाप-लय-खिन्नतेने चाळीस वर्षे आईची मांडी झाकून ठेवली.

म्हणून तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो. शब्द फोडायचा तर खुशाल फोडा, पण आधी म्हणा, ‘हा माझा भाव आहे.’ कोशातले असेल तर कोशाचे नाव घ्या. ठाऊक नसेल तर पुढचा अभंग घ्या, टाळकरी सांभाळून घेतात. आणि कोणा गुरुजींचे पत्र आले तर उत्तर पाठवा.

‘पा म्हणजे पाप’ ही माझी फोड मी या लेखाने मागे घेत आहे. ज्यांच्याकडे माझ्या कॅसेटी असतील त्यांनी तेवढे वगळून ऐकावे. हा अंक त्या तरुण महाराजांना पाठवत आहे. त्यांच्या प्रश्नाला त्या रात्री उत्तर नव्हते, ते यात आहे. गुरुजींना पाठवायला आता पत्ता नाही. त्यांचे कार्ड मी पुन्हा गाथ्यात ठेवले आहे.

पुढच्या आषाढात गुडघ्यांनी ऐकले तर काटेवाडीपासून सणसरपर्यंत तरी पालखीत चालेन म्हणतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.